सुखमतीचा पत्ता

मुकुंदवाडी स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सरकारी दवाखान्याच्या अगदी समोर, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वडील तहसीलमध्ये अव्वल कारकून होते, भाऊ पुण्यात कंपनीत साहेब, आणि मी नीरजा इथं कागद उलटेपालटे करत बसते, म्हणून आमच्या नातेवाइकांना अजून वाईट वाटतं. वाटू दे. या खुर्चीत बसून मला जे दिसतं ते त्यांना एसीत बसून दिसणार नाही.

काय दिसतं? पोटासाठी परमुलखातून आलेली माणसं दिसतात. घड्या पडून फाटायला आलेलं आधार कार्ड काउंटरवर ठेवतात आणि प्रती मागतात. अंगणवाडीला वेगळी, दवाखान्याला वेगळी, रेशनला वेगळी, शाळेला वेगळी, बेघर निवाऱ्याला वेगळी. ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. तरी प्रत्येक टेबलापाशी सगळं पहिल्यापासून सांगायचं. कुठून आलात, का आलात, नवरा काय करतो, आधीचं मूल कशानं गेलं. हो, तेसुद्धा. बाईनं मेलेल्या लेकराची हकिगत प्रत्येक टेबलावर नव्यानं सांगायची आणि समोरच्यानं मान वर न करता "पुढं?" म्हणायचं. माझा धंदा होतो, पण माझं डोकं फिरतं.

असं डोकं फिरणारी आणखी एक बाई या रस्त्यावर होती. समोरच्या दवाखान्यातली नर्स रत्नमाला. अख्खी वस्ती तिला सिस्टर म्हणायची. मी तिच्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून मी तिला नावानं हाक मारायचे आणि ती मला ताई म्हणायची. "होती" असं लिहिलं म्हणून घाबरू नका, जिवंत आहे. पण समोरच्या दवाखान्यात नाही. का नाही, तेच सांगायचंय, आणि शांतपणे सांगणं मला जमणार नाही.

रत्नमाला कन्नड तालुक्यातल्या पिशोरची. घर शेतकऱ्याचं. बारावी झाल्यावर घरच्यांनी स्थळं बघायला घेतली, तर हिनं नर्सिंगला नंबर लावला. पुढं गोकुळशी लग्न झालं. तो चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कामाला, म्हणून दोघं मुकुंदवाडीत भाड्याच्या खोलीत आले. त्या पहिल्या वर्षाचा राग तिच्या मनात कायम ताजा. "मी पण बाहेरचीच ना, ताई," ती म्हणायची. "घरमालक म्हणे रेशन कार्ड आणा, रेशनवाला म्हणे भाडेपावती आणा, गॅसवाला म्हणे दोन्ही आणा. पिशोरच्या बाजारात बैल हिंडवत नाय एवढं मला हिंडवलं. आन् मी तर याच जिल्ह्यातली, याच भाषेतली. त्या परमुलखातल्या बायांचं काय व्हत असंल?"

बाई मोठ्या आवाजाची. रस्त्याच्या त्या बाजूनं बोलली तरी माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकायचं. पर्समध्ये कायम गूळ-शेंगदाणे, आणि कुठलीही गरोदर बाई दिसली की आधी मूठभर तिच्या हातावर. आणि एक खोड. तोंडात तीळ भिजायचा नाही. कुणाची सून रुसली, कुणाचा मुलगा दारू प्यायला लागला, सगळं दुपारच्या चहाला माझ्या काउंटरवर हजर. मी चिडवायचे, "रत्नमाला, तुला नर्स कुणी केलं? तू आकाशवाणीवर शोभली असतीस." ती हसायची आणि पुढची बातमी सुरू करायची.

तिच्या या तोंडाचा तिनं एकदा फार चांगला उपयोग केला. एका परप्रांतीय गवंड्याचं लेकरू होतं, हाडाला कातडं चिकटलेलं. इथल्या अंगणवाडीनं त्याला खाऊ सुरू केला आणि ते जरा बाळसं धरायला लागलं. मग बापाचं काम रुळाच्या पलीकडं लागलं आणि कुटुंब तिकडं राहायला गेलं. अलीकडच्या अंगणवाडीनं नाव कमी केलं, कारण लिहिलं स्थलांतरित. पलीकडच्या अंगणवाडीला कुणी कळवलंच नाही. पावसाळ्यात लेकराला जुलाब लागले आणि ते गेलं. रत्नमाला त्या दिवशी माझ्या दुकानात आली ती चहाला नाही. "स्थलांतरित म्हणे!" ती ओरडली. "कुठं गेलं व्हतं ते? दिल्लीला? रूळ वलांडला व्हता फक्त त्यानं!"

त्यानंतर ती सगळ्यांच्या मागं लागली. अंगणवाडीची मोनिका, निवारा चालवणाऱ्या संस्थेचा मंदार, शाळेचे गुरुजी, रेशनवाला, सगळ्यांना गाठून तिनं एकच घोषा लावला, सांगत जा, एकमेकांना सांगत जा. आणि मोबाइलवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं "एकोपा". कुणी नवीन कुटुंब आलं की एकानं कळवायचं, बाकीच्यांनी आपापलं काम करायचं, त्या माणसांना पुन्हा पुन्हा विचारून छळायचं नाही. कागद काढायला लोक माझ्याकडं येतात म्हणून मलाही त्यात घेतलं. आणि खोटं कशाला बोलू, ग्रुप चालला. पोरांच्या लसी चुकेनाशा झाल्या. माझा धंदा थोडा बसला, पण वाईट नाही वाटलं.

संक्रांतीच्या आसपास सुखमती आली. नाव इथं सुखमती लिहिते आहे. खरं नाव काय, हे तुम्हाला कळून काही उपयोग नाही.

ती छत्तीसगडची. नवऱ्यासोबत जिल्ह्यातल्या एका वीटभट्टीवर कामाला आणलेली, सलग दुसरा हंगाम. मागच्या हंगामात तिच्या कळा भट्टीवरच सुरू झाल्या. कडुबा नावाचा मुकादम म्हणाला, भट्टी पेटलेली आहे, आता माणूस सोडता येत नाही. तिथंच विटांच्या थप्पीआड ती बाळंत झाली. रक्त थांबेना. बाळ गेलं, ही कशीबशी राहिली. या हंगामात पुन्हा दिवस गेलेले, पुन्हा तीच भट्टी, पुन्हा तोच कडुबा. नवरा वाईट नव्हता, पण मुकादमापुढं त्याचं तोंड उघडत नव्हतं. तेव्हा ही एकटीच एका भाजीच्या टेम्पोत बसून निघाली. मुकुंदवाडीलाच का? तर गावाहून आणलं तेव्हा या स्टेशनावर उतरवलं होतं. एवढ्या मोठ्या शहरातलं तिला तेवढंच नाव ठाऊक होतं.

तिची मागणी एवढीच होती. "दीदी, ये वाला बच्चा अस्पताल में होना चाहिए. बस." दुसरं काही तिनं कुणाकडं कधी मागितलं नाही.

रत्नमालेनं तिला घाटीत, म्हणजे मोठ्या सरकारी इस्पितळात, नेऊन सगळ्या तपासण्या करून आणल्या. रक्तगट निघाला ओ निगेटिव्ह. हे रक्त ऐनवेळी सहज मिळत नाही. बाळंतपणात मागच्यासारखाच रक्तस्राव झाला आणि दवाखान्याला आधी ठाऊक नसलं, तर रक्त शोधेपर्यंत बाई हातची जाते. शिवाय अशा बाईला सातव्या महिन्यात एक इंजेक्शन लागतं आणि बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत दुसरं. पहिल्या वेळी तिला कोण देणार? भट्टीवरचा मुकादम?

सुखमतीला आपली कहाणी दुसऱ्यांदा सांगायला लागू नये, म्हणून रत्नमालेनं ती ग्रुपवर लिहिली. भट्टी, मुकादम, मेलेलं बाळ, रक्तगट, सगळं. खाली लिहिलं, "कृपया हिला पुन्हा विचारू नये." त्या दिवशी मला तिचा अभिमान वाटला. खरंच कुणी विचारलं नाही. निवाऱ्यात जागा झाली, अंगणवाडीचा आहार सुरू झाला, घाटीत सातव्या महिन्याचं इंजेक्शन झालं. इतकं सुरळीत मी या रस्त्यावर कधी पाहिलं नव्हतं.

पण त्या ग्रुपमध्ये आता आप्पासाहेबही होते. आप्पासाहेब म्हणजे आमच्या वॉर्डाचे पुढारी. निवडून आलेले नाहीत, पण येणार येणार म्हणून पंधरा वर्षं फ्लेक्सवर हात जोडून उभे. त्यांनी निवाऱ्याला ब्लँकेटं दिली आणि मंदारनं आभार म्हणून त्यांना ग्रुपात घेतलं. कुणाला विचारलं नाही. ब्लँकेट दिलं की बायाबापड्यांची दुखणीखुपणी वाचायचा हक्क मिळतो, हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

मग मोनिकानं ओटीभरण ठरवलं. अंगणवाडीत गरोदर बायांचा असा कार्यक्रम असतो, सरकारी आदेशच आहे. पण मोनिकानं तो आदेश म्हणून केला नाही, जीव लावून केला. हिरवी साडी तिनं स्वतःच्या कपाटातली आणली. मी गजरा आणला, रत्नमालेनं नारळ. सुखमतीला पाटावर बसवलं, तांदळानं ओटी भरली, सगळ्या जणींनी गाणी म्हटली. ती आधी बावरली, मग हसायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "हमारे यहाँ सधौरी बोलते हैं," ती म्हणाली. "सातवें महीने में. मायके वाले लाते हैं." असं म्हणून तिनं आमच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ते मी विसरणार नाही. आम्ही तिचं माहेर झालो होतो.

आणि मग त्या माहेरानं फोटो काढला.

आमच्याकडं कामाचा पुरावा म्हणजे फोटो. फोटो नाही तर काम झालंच नाही. आणि साधा फोटो चालत नाही, कोपऱ्यात नकाशा हवा, खाली पत्ता हवा, पिनकोडसकट, म्हणजे वरच्यांना खात्री की बाईनं घरी बसून थाप मारली नाही. मोनिकाला वर्षानुवर्षं याची इतकी सवय झालेली की तिचा हात आपोआपच त्या कॅमेऱ्याकडं गेला. हिरव्या साडीतली सुखमती, ओटीत नारळ, खाली अंगणवाडीचा आणि शेजारच्या निवाऱ्याचा पत्ता. फोटो वर गेला, आणि "एकोपा"वरही गेला. अंगठ्यांचा, फुलांचा, जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. आप्पासाहेबांनी लिहिलं, "स्तुत्य उपक्रम." आणि तो फोटो आपल्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकला, जणू साडी त्यांनीच नेसवली. भट्टीचा मालक आप्पासाहेबांचा व्याही लागतो, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दुकानासमोर एक पिकअप थांबली. पुढून एक जाडजूड माणूस उतरला, पांढरा शर्ट, कपाळावर टिळा. मागं एक वाळका पोरगेला माणूस खाली मान घालून बसलेला. जाडा माणूस काउंटरवर आला आणि मोबाइल पुढं धरला.

"ताई, हे कुठं आलं?"

मोबाइलवर सुखमती हसत होती.

मी कारकुनाची मुलगी आहे, चेहरा कोरा ठेवायला घरातच शिकले. विचारलं, "कोण लागते तुमची?"

"आमच्या भट्टीवरची हाय. भांडून आली. तिचा नवरा बसलाय ना मागं." म्हणजे हाच कडुबा. मग त्यानं बोटानं फोटो वर सरकवला आणि खालचा मजकूर वाचायला लागला. रत्नमालेनं ग्रुपवर लिहिलेला शब्द न् शब्द, फोटोसोबतच पुढं पाठवलेला. "पहिलं मूल भट्टीवर गेलं म्हणे. माणूस सोडला नाय म्हणे. काय काय लिव्हू राहिले लोक! आमची बदनामी करायची आन् आमचीच माणसं लपवून ठिवायची. बरं, पत्ता तुम्हीच टाकला म्हणून बरं झालं."

पत्ता तुम्हीच टाकला. ते वाक्य मला अजून जेवताना आठवतं.

मी त्याला चिकलठाण्याकडं पाठवलं. पूल ओलांडा, उजवीकडं वळा, पुढं विचारा, असं तोंडाला येईल ते सांगितलं. पिकअप गेली तशी मी दुकान उघडं टाकून समोर धावले. रत्नमाला एका बाळाला लस देत होती. माझं तोंड बघूनच तिला कळलं.

आम्ही निवाऱ्यात पोचलो तर मंदार दारातच खुर्ची टाकून बसलेला. मंदार तसा सज्जन मुलगा आहे. त्याच्याविषयी सगळे असंच म्हणतात, आणि सज्जन माणसानं एखाद्याचं किती वाटोळं करावं याला सीमा नसते. सगळं ऐकून तो म्हणाला, "पण नवरा सोबत आला असेल तर आपण कसं अडवणार, सिस्टर? फार तर रजिस्टरवर सही घेऊ."

"सही?" रत्नमाला म्हणाली. "कशाची सही? माल पोचला म्हणून?"

"तसं नाही. आपल्याला पारदर्शक राहावं लागतं."

रत्नमालेनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती आत गेली, सुखमतीचा हात धरला, पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. जाताना मंदारला म्हणाली, "लिव्ह. सिस्टरनं नेली म्हणून लिव्ह. पारदर्शक."

स्टेशनाकडं जाताना आम्ही दोघी तिच्या दोन्ही बाजूंनी चालत होतो. पोलीस चौकी वाटेतच लागते. तिथंही गेलो होतो आम्ही, ती आली त्याच आठवड्यात. नवरा-बायकोचं आहे, समजुतीनं घ्या, असा सल्ला मिळाला होता. भट्टीची तक्रारही दिली होती. ती अजून तपासात आहे. तपास कोण करतंय, ते आप्पासाहेबांनाच ठाऊक असेल.

मुकुंदवाडीचं स्टेशन लहान. दुपारच्या वेळी फलाटावर कुत्री आणि चार माणसं. सुखमतीची थोरली बहीण कुठल्याशा शहरात बांधकामावर होती. तिचा नंबर सुखमतीला तोंडपाठ होता. "दीदी, वहाँ जाती हूँ," ती म्हणाली. "बताऊँ कहाँ?"

"नको," रत्नमाला एकदम म्हणाली. मग हिंदीत, "मत बता. मुझे भी नहीं." आणि माझ्याकडं वळून, "मला ठाऊकच नसलं तर कोण माझ्याकडनं काय काढून घेणार?"

मी तिच्याकडं बघतच राहिले. ही ती बाई, जी कुणाच्या घरात आज काय भाजी केली हेसुद्धा मला सांगायची.

पण एक गोष्ट सुखमतीसोबत जायलाच हवी होती. जिथं जाईल तिथल्या दवाखान्याला तिचं रक्त कोणतं आणि मागच्या वेळी काय झालं, हे कळायलाच हवं. कागद दिला होता, पण कागद हरवतो, ओला होतो, कुणी हिसकावतो. म्हणून रत्नमालेनं तिला समोर बसवलं आणि पोरांकडून पाढे करून घ्यावेत तसं म्हणून घेतलं. "मेरा खून ओ निगेटिव है. ये दूसरा बच्चा है. पहले वाले में बहुत खून गया था. सातवें महीने की सुई लगी है. बच्चा होने के बाद तीन दिन के अंदर दूसरी लगनी है."

सुखमती आधी अडखळली. लाजली. आपलं स्वतःविषयीचं इतकं मोठ्यानं तिनं कधी बोललेलं नसावं. रत्नमाला म्हणाली, "जोर से. दरवाजे में ही बोलना. कोई पूछे न पूछे." पुन्हा म्हणून घेतलं. आणि पुन्हा. शेवटी ती कुठंही न थांबता म्हणाली, तेव्हा रत्नमालेनं पर्समधले सगळे गूळ-शेंगदाणे तिच्या पदरात ओतले. "और ये बात तेरी है," ती म्हणाली. "डॉक्टर को बता, नर्स को बता. बाकी किसको बताना है, तू सोच. हम नहीं सोचेंगे अब." मी दुकानाच्या पाटीवरचा माझा मोबाइल नंबर तिला दिला. तोही तिनं पाठ केला.

तिकीट तिचं तिनं काढलं. आम्ही खिडकीकडं पाठ करून उभ्या राहिलो. गाडी कुठली येते तेही बघायचं नाही म्हणून गाडी यायच्या आधीच निघालो. रत्नमाला माझ्या दुकानात आली, मोबाइल काढला, ग्रुपवरचं तिचं ते लिहिणं पुसायला गेली. पुसता आलं नाही. पुसायची मुदत केव्हाच उलटली होती.

मोनिका संध्याकाळी आली ती रडतच. "सिस्टर, मी फक्त फोटो..." एवढंच म्हणत राहिली. रत्नमालेनं तिला जवळ घेतलं. मला मोनिकाचा राग आला नाही. ज्यांनी तिला फोटोशिवाय कामावर विश्वास न ठेवण्याची शिस्त लावली, त्यांचा आला, आणि अजून आहे.

पुढच्या आठवड्यात बैठक. तिचं नाव समन्वय बैठक. चहा, बिस्किटं, आरोग्य खात्याचे मोठे साहेब, शेजारी आप्पासाहेब. नागरिक प्रतिनिधी म्हणून मीही गेले. मला वाटलं, निदान आप्पासाहेबांना कुणी विचारेल की फोटो पुढं का पाठवला. छे! आप्पासाहेबच विचारत होते. एक कामगार बाई सरकारी नर्सनं परस्पर गायब केली, तिचा नवरा हवालदिल आहे, भट्टीचालकांची बदनामी झाली, बाई आहे कुठं?

साहेब रत्नमालेकडं वळले. आवाज गोड. "सिस्टर, सांगून टाका. आपल्याला फक्त नोंदीसाठी हवंय. आणि माहितीची देवाणघेवाण व्हावी, असं तुम्हीच तर सगळ्यांना सांगत होतात."

"व्हय, म्हणत व्हते," रत्नमाला उभी राहिली. तो तिचा रस्त्याच्या पलीकडं ऐकू जाणारा आवाज नव्हता. तिला हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "लेकराला कोणती लस झाली ते सांगा, म्हणत व्हते. बाईला कोणतं रक्त चालतं ते सांगा, म्हणत व्हते. बाई कुठं झोपती ते सांगा, असं नाय म्हणलं मी कधी. माझी चूक एवढीच की लिव्हताना हे वाचणार कोण, ते पाह्यलं नाय. सुखमतीला पण इचारलं नाय. आता पाहीन. आन् साहेब, नोंदीसाठी पायजे असंल तर हे बी नोंदवा, की तो मुकादम आला तवा त्याच्या मोबाइलात माझा मजकूर व्हता. तो त्याला कुणी दिला?"

मंदार बिस्किटाच्या कडा मोडत बसला होता. आप्पासाहेबांनी घड्याळ पाहिलं.

"तो विषय वेगळा," साहेब म्हणाले. "बाई कुठं आहे?"

"मला ठाऊक नाय."

कुणाचाही विश्वास बसला नाही. बसणार कसा? सगळ्या वस्तीची खबर ठेवणारी सिस्टर म्हणते, ठाऊक नाही. साहेब हसले. आप्पासाहेब हसले. मी उठून म्हटलं की ती खरं बोलते आहे, मी साक्षीला होते, तर मला सांगण्यात आलं की नागरिक प्रतिनिधींनी सूचना लेखी द्याव्यात.

रत्नमाला कंत्राटी नर्स होती. दरवर्षी कंत्राट आपोआप पुढं चालू व्हायचं. यंदा झालं नाही. कारण तोंडी सांगितलं, माहिती दडवली आणि समन्वयाला सहकार्य केलं नाही. रत्नमालेनं! जिनं या रस्त्यावरच्या माणसांना एकमेकांशी बोलायला लावलं, तिनं समन्वयाला सहकार्य केलं नाही. आणि मुकादमाच्या मोबाइलपर्यंत एका गरोदर बाईचं रक्त, तिचं मेलेलं बाळ आणि तिचा पत्ता पोचवणारे सगळे जण जागच्या जागी आहेत. ग्रुपही आहे. रोज सकाळी त्यावर सुविचार येतो. माझ्यात हिंमत असती तर त्या सुविचारांचा झेरॉक्स काढून त्यांच्या दारात पेटवला असता.

रत्नमाला आता एका खासगी दवाखान्यात अर्धा दिवस जाते. दुपारी माझ्या दुकानात येऊन बसते. चहा पिते. बातम्या सांगत नाही. मी मुद्दाम विषय काढते, अमक्याच्या सुनेचं काय झालं गं? ती म्हणते, "त्यांचं त्यांना ठाऊक, ताई." तिची ही खोड गेली याचं मला इतकं वाईट वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं. दिवस मोजत असायची ती, मला कळायचं. मोजून झाले. वर काही दिवस गेले. माझा फोन वाजला की तिच्या हातातला कप थांबायचा.

चैत्राच्या उन्हात, एका दुपारी, फोन आला. अनोळखी नंबर. मी उचलला, आणि आधी ऐकू आलं ते बाळाचं रडणं. खणखणीत. मी न बोलता फोन रत्नमालेच्या कानाला लावला. आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू येत होतं.

"दीदी, बोला मैंने. दरवाजे में ही बोला. किसी ने पूछा नहीं था, तब भी बोला. पूरा."

"खून गया?"

"बहुत गया. पर उन्होंने पहले से मँगाके रखा था. मैंने बोला था ना."

"दूसरी सुई?"

"लगी. उसी दिन. वो भी भूला नहीं मैंने."

पलीकडून सुखमती आनंदानं सांगायला लागली, "दीदी, मैं यहाँ..."

"नको!" रत्नमाला ओरडली. तोच जुना आवाज, रस्त्याच्या पलीकडं जाणारा. "मत बता. अच्छी रह. दूध पिला." आणि तिनं फोन ठेवला. मुलगा की मुलगी, तेही विचारलं नाही.

मग तिनं काउंटरवरचा माझा मोबाइल पुन्हा उचलला आणि त्यातून तो नंबर पुसून टाकला. समोरच्या दवाखान्याच्या पायरीवर नवीन नर्स एका बाईला विचारत होती, कुठून आलात, आधीचं मूल कशानं गेलं. रत्नमाला तिकडं बघत बसली. इतक्या वर्षांतली सगळ्यात मोठी बातमी तिच्या तोंडाशी आली होती, आणि रस्त्यावर उभं राहून ओरडून सांगावी अशी होती.

"ताई," ती म्हणाली, "कुणाला सांगायचं नाय हां." आणि माझ्या काउंटरवर डोकं टेकून रडायला लागली.